राक्षसाचा जीव आणि आमचे हे

आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, फोम आहे. मागची खोली स्टुडिओ करायची ठरली तेव्हा चारही भिंतींना तो राखाडी, खडबडीत फोम चिकटवला, दाराला जाड पडदा लावला आणि मधोमध दुहेरी काच बसवली. काचेच्या एका बाजूला मी बसते आणि पुस्तकं मोठ्याने वाचते. दुसऱ्या बाजूला आमचे हे बसतात आणि माझं वाचन रेकॉर्ड करतात. ज्यांना वाचायला सवड नाही, किंवा दिसत नाही, किंवा नुसताच आळस आहे, असे लोक ती पुस्तकं कानाने वाचतात.

यांचे कान हे एक प्रकरणच आहे. शेजारच्या घरातला फ्रिज सुरू झाला की यांच्या कपाळाला आठी पडते. वाचताना माझे ओठ चिकटून सुटले, पोट गुरगुरलं, पान उलटताना बोट घासलं, की माझ्यासमोरचा लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे थांब. मी विचारते, "कुठे?" हेडफोनमध्ये उत्तर येतं, "ओठ." किंवा "पोट." मग मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचते. दिवसभरातला आमचा संवाद असा एकेका शब्दाचा, आणि त्यातले बहुतेक शब्द माझ्या शरीराच्या भागांचे. एखाद्या नव्या नवरीला ऐकून हेवा वाटेल. मी मात्र ओठ चिकटू नयेत म्हणून सफरचंदाची फोड चावते आणि पुढे वाचायला लागते.

इतकी वर्षं माझ्या वाट्याला आलेली पुस्तकं म्हणजे एकेक गंभीर प्रकृतीची. मृत्युपत्र कसं करावं, मधुमेहात काय खाऊ नये, जमिनीचा कस कसा राखावा. त्यातल्या त्यात गाजलं ते गुडघेदुखीचं. "सावकाश श्वास सोडा. आता उजवा गुडघा वाकवा." एकदा बँकेच्या रांगेत मी कारकुनाला म्हटलं, "जरा सावकाश सांगा," तर मागे उभ्या असलेल्या आजोबांचा गुडघा आपोआप वाकला. प्रकाशनसंस्थेत मला 'गुडघेवाल्या बाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण यांच्यासोबत राहून माझ्याही कानांना थोडं वळण लागलं आहेच.

तर अशा या गुडघेवाल्या बाईंच्या हातात प्रकाशिकाबाईंनी एक दिवस एक कादंबरी ठेवली. "बघा बरं वाचून," त्या म्हणाल्या. "विनोदी आहे. निदान लेखकाचं तसं म्हणणं आहे."

कादंबरीत एक राक्षस आहे. राक्षसाचा जीव पोपटात असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा राक्षस स्वतःला फार शहाणा समजणारा. त्याचं म्हणणं, पोपट म्हणजे शुद्ध मूर्खपणा. जो राजपुत्र येतो तो आधी पिंजराच शोधतो. म्हणून याने आपला जीव अशा जागी ठेवला की कुणाच्या बापाला सापडू नये. आणि आता तो त्याला स्वतःलाच सापडत नाही. पहिल्या पानावर तो गुहेतल्या बरण्या एकेक उघडून हुंगतो आहे आणि पुटपुटतो आहे, "इथेच तर ठेवला होता." तेवढ्यात दारात राजपुत्र तलवार उपसून उभा राहतो आणि गरजतो, "बोल, कुठे आहे तुझा जीव?" राक्षस म्हणतो, "तेच तर." मग दोघं मिळून शोधायला लागतात. सापडला की लगेच मारायचं, असं रीतसर ठरतं. राजपुत्राचा मुक्काम इतका लांबतो की राक्षसीण त्याच्याकडून गुहेतली जळमटं काढून घेते.

खरी गंमत या राक्षसिणीची आहे. जीव कुठे आहे हे तिला पक्कं माहीत असतं, कारण जागा तिनेच सुचवलेली असते. तिने तेव्हा नवऱ्याला स्पष्ट सांगितलेलं असतं, आणि त्याने ते ऐकलेलं नसतं. "एकदा सांगितलंय," ती म्हणते. "दुसऱ्यांदा सांगायची नाही." आणि भाजी निवडायला बसते.

हे वाचलं तेव्हा दुपारची वेळ होती आणि मी सोफ्यावर आडवी होते. मला हसू आवरेना. मुरकुंडीच वळली. डोळ्यांतून पाणी, उशी तोंडावर, पाय हवेत. हे आतून आले, दोन क्षण माझ्याकडे कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "डावीकडची स्प्रिंग वाजतेय." मग पाना आणायला गेले.

कादंबरी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मधे डासांचं आणि वटवाघळांचं युद्ध आहे. ते पन्नास पानं चालतं आणि त्यातला एकही डास लक्षात राहत नाही. एक गाणारी विहीर आहे, तिला लेखकाने वेळीच आवरायला हवं होतं. राजपुत्राच्या घोड्याला तत्त्वज्ञान कशाला, हेही मला समजलं नाही. पण ही राक्षसीण जिथे जिथे येते तिथे कादंबरी अशी उजळते की बाकी सगळं माफ. लेखक तर पुरुष आहे. त्याला हे इतकं नेमकं कसं कळलं याचं मला नवल वाटलं. त्याच्या घरी बहुधा कुणीतरी त्याला एकदाच सांगितलं असावं.

पुस्तक मिटलं आणि माझ्या लक्षात आलं की मला हे हवं आहे. पैशांसाठी नाही, नावासाठीही नाही. मला राक्षसीण व्हायचं होतं. आयुष्यात एकदा तरी मला माझ्या आवाजाने कुणाला तरी हसवायचं होतं, आणि गुडघे सोडून दुसरं काहीतरी हलवायचं होतं.

पण प्रकाशिकाबाईंच्या मनात एक नट होता. रंगभूमीवरचा नावाजलेला माणूस, आवाज असा खर्जातला की तो 'नमस्कार' म्हणाला तरी कपबशा थरथरतात. "तुम्ही पहिली तीन प्रकरणं नमुन्याला द्या," बाई म्हणाल्या. "त्यांचाही नमुना आलाय. ज्याचं ऐकून हसू येईल त्याला काम."

आम्ही तीन प्रकरणं रेकॉर्ड केली. लाल दिवा लागत होता, मी दुरुस्त करत होते, काम चोख चाललं होतं. नमुना पाठवला. दोन दिवसांनी बाईंचा फोन.

"अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या थांबल्या तेव्हाच मी ओळखलं की पुढे 'पण' येणार. "पण रागावू नका हं. तुम्ही राक्षसाला व्यायाम शिकवताय असं वाटतं. तो जीव शोधतोय, आणि मी वाट बघतेय की आता तुम्ही त्याला श्वास सोडायला सांगणार."

"आणि नटाचं?"

"त्यांचं ऐकून भीती वाटते. हसू नाही येत, पण निदान काहीतरी वाटतं." त्यांनी सुस्कारा टाकला. "असं करा. शुक्रवारपर्यंत पुन्हा एकदा करून पाठवा. त्यानंतर मात्र मला थांबता येणार नाही."

मी मुलीला फोन लावला. ती दूर राहते, लग्न झालंय, आणि आईला सल्ला देण्याचं वय तिने कधीच गाठलंय. मी तिला फोनवरच तिसऱ्या प्रकरणातलं एक पान वाचून दाखवलं. ती हसली. म्हणजे खिदळली, आणि मागे जावईबापूंचाही आवाज आला, "काय झालं, काय झालं?"

"आई, हे तर मस्त वाचलंस," ती म्हणाली. "मग त्या बाईंना का नाही आवडलं?"

"स्टुडिओत होत नाही असं."

"स्टुडिओत तू कुणाला वाचून दाखवतेस?"

"कुणाला म्हणजे? समोर तुझे बाबा असतात."

"बाबा ऐकतात?"

पुढे ती काहीबाही बोलत होती, पण माझं लक्ष उडालं होतं.

संध्याकाळी हे तारा गुंडाळत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, आपलं ते गुडघ्यांचं पुस्तक. त्यात काय होतं हो?"

"कितव्या प्रकरणात?"

"कितव्याही. एकंदरीत."

यांनी विचार केला. "चौथ्यात तुझं पोट फार वाजलं होतं. आणि शेवटी शेवटी तुला सर्दी झाली होती, ते सगळं नाकातलं मी कापून काढलं."

"मजकूर काय होता?"

"मजकूर?" यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हमालाला पोत्यात काय आहे विचारलं. "मजकूर मी ऐकत नाही. मजकूर ऐकला की आवाज सुटतात. दोन्ही एकदम होत नाही. गोष्टीत शिरलो तर ओठ कोण पकडणार? म्हणून मी शिरतच नाही."

हे ते अभिमानाने बोलले, आणि तो अभिमान खोटा नव्हता. यांनी साफ केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मुंगीचं पाऊल सापडणार नाही. पण मला तेव्हा कळलं की मी आजवर वाचलेलं एकही पुस्तक या माणसाने ऐकलेलं नाही. आम्ही दोघं एका काचेच्या दोन बाजूंना बसून म्हातारे होत आलो, माझा प्रत्येक श्वास यांना पाठ आहे, आणि मी काय बोलले ते यांना ठाऊक नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण ते गाढव निदान कालच्या गोंधळाबद्दल मत तरी देतं.

बुधवारी पहिली दोन प्रकरणं पुन्हा वाचली. तशीच झाली. माझं मलाच ऐकू येत होतं की मी व्यायाम शिकवतेय. विनोदाची जागा आली की मी काचेकडे पाहत होते, आणि काचेपलीकडे एक माणूस डोळे मिटून माझी जीभ टाळूला लागतेय का हे ऐकत होता. भिंतीला चेंडू मारला तर भिंत निदान तो परत देते.

गुरुवारी जेवताना म्हटलं, रेकॉर्डिंग नाही, यंत्र नाही, आता तरी ऐकतील. मी राक्षसाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो जीव ठेवून विसरलाय, राजपुत्र आलाय, दोघं बरण्या हुंगतायत. हे जेवत होते. "हूं," म्हणाले. मी हातवारे केले. राक्षसिणीची नक्कल केली.

"चमचा," हे म्हणाले.

"काय?"

"तुझा चमचा ताटाला लागतोय."

मी चमचा खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला, पण त्याचा आवाज शेजारच्या फ्रिजलाही ऐकू गेला असेल.

"अहो," मी म्हटलं, "मी बोलते ते तुम्हाला ऐकू येतं, पण तुम्ही ऐकत नाही. स्टुडिओत नाही ऐकलंत, चला, ते तुमचं काम. पण इथे कोणतं काम आहे? हे पुस्तक हातचं जाणार उद्या. आणि मला ते हवंय, खूप हवंय. कुणीतरी ऐकत असल्याशिवाय मला ते वाचता येत नाही, आणि समोर तुम्ही बसता. मला राग नाही आलाय. मला वाईट वाटतंय."

राग आलाच होता, पण वाईट वाटणं त्याहून मोठं होतं. यांनी आपला चमचा अगदी हळू, जराही आवाज होणार नाही असा ताटात टेकवला आणि हात धुवायला उठले. त्या चमच्याच्या न झालेल्या आवाजाने माझं डोकं आणखी फिरलं.

जेवणानंतर तिसरं प्रकरण वाचायला बसले तेव्हा सफरचंदही खाल्लं नाही. म्हटलं, वाजू देत ओठ. नटाला द्या पुस्तक, मी आपली गुडघ्यांकडे परत जाते. फक्त जायच्या आधी एकदा हे प्रकरण मला मनासारखं वाचायचं होतं. मी काचेकडे तोंड केलं आणि माईकला विसरून थेट यांना वाचून दाखवायला लागले.

तिसऱ्या प्रकरणात राक्षस सगळी गुहा पालथी घालून थकतो आणि बायकोसमोर येऊन बसतो. आवाज खाली आणून विचारतो, "खरंच सांगितलं होतंस?" आणि मग ती बोलते. आधी मी तिला राक्षसिणीसारखी वाचायचे, जाड आवाज, दात-ओठ. आता तसं काही केलं नाही. माझ्याच आवाजात वाचलं.

"सांगितलं होतं. तुम्ही शिंगांना तेल लावत होतात. मी म्हटलं, अहो, ऐकताय ना? तुम्ही म्हणालात, हूं. त्या 'हूं'वर विसंबून मी तीनशे वर्षं संसार केला. मी म्हटलं, तुमचा जीव आहे, नीट लक्षात ठेवा. तुम्ही म्हणालात, हूं. मी म्हटलं, गुहेला आग लागलीये. तुम्ही म्हणालात, हूं. तेव्हा कुठे मला शंका आली."

मी थांबले नाही. राजपुत्र कोपऱ्यात केरसुणी हातात धरून अवघडल्यासारखा उभा आहे, त्याला कळत नाही की या घरगुती बोलण्यात आपण तलवार काढावी की बाहेर जावं. राक्षस शिंगं खाजवतो. राक्षसीण भाजी निवडतच राहते. मी वाचत गेले आणि माझ्या आवाजात हसू येत गेलं, रागाच्या आतूनच येत गेलं, आणि मी ते येऊ दिलं. मग ती म्हणते, "आठवून बघा. पहिला शब्द तरी आठवतोय का मी काय म्हणाले त्यातला?" आणि पुढचं वाक्य मी वाचलं, "मग आमचे हे म्हणाले, 'नाही.'"

पुस्तकात होतं, "मग राक्षस म्हणाला."

कितीही ढिसाळ वाचलं तरी पुस्तकातला शब्द मी कधी बदललेला नाही. मी थांबले आणि लाल दिव्याची वाट पाहिली.

दिवा लागला नाही.

मी मान वर केली. काचेपलीकडे हे दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, हनुवटीखाली हात धरून बसले होते. तोंड किंचित उघडं. बोट दिव्याच्या बटणापासून वीतभर लांब.

हेडफोनमध्ये आवाज आला, "का थांबलीस?"

"चुकले मी."

"कुठे?"

हा प्रश्न माझा होता. इतक्या वर्षांत तो यांनी कधी विचारला नव्हता. हसावं की रडावं ते कळेना, आणि खरं सांगायचं तर दोन्ही थोडं थोडं झालं.

"ते जाऊ दे," हे म्हणाले. "कुठे ठेवायला सांगितलं होतं तिने?"

"काय?"

"जीव."

"ते शेवटच्या प्रकरणात आहे."

"मग वाच ना पुढे."

"पुढचं नाही वाचायचं आपण. नमुना तीनच प्रकरणांचा. पुढचं ज्याला काम मिळेल तो वाचणार."

यांच्या कपाळाला तीच फ्रिजवाली आठी पडली. "तो खर्जवाला?" म्हणाले. "तो वाक्याच्या शेवटी श्वास ओढतो. आणि बाईचं बोलणं त्याला काय जमणार?" एवढं बोलून ते कामाला लागले. ओठ, पोट, पान, नेहमीची साफसफाई केली. माझी चूक तशीच राहिली, कारण ती यांनी ऐकलीच नव्हती, आणि मी सांगितली नाही. सांगायची हिंमत झाली नाही असं नव्हे. ती मला कापू द्यायची नव्हती.

शुक्रवारी रेकॉर्डिंग गेलं. त्या दिवशी फोन वाजला की माझ्या आधी हे उठत होते. एकदा गॅसवाल्याचा होता, एकदा मुलीचा. तिसऱ्यांदा प्रकाशिकाबाईंचा आला.

"पहिली दोन प्रकरणं पूर्वीसारखीच आहेत," त्या म्हणाल्या. "ती पुन्हा करावी लागतील. पण तिसरं मी गाडीत ऐकत होते आणि हसता हसता माझं वळण चुकलं. भलत्याच गल्लीत गेले. तिथेच गाडी लावून उरलेलं ऐकलं." मग म्हणाल्या, "आणि एका ठिकाणी तुम्ही 'आमचे हे' म्हणालात."

"म्हणाले."

"लेखकाला ऐकवलं. तो म्हणाला, तेवढं ठेवा. पुस्तक तुमचं."

मी फोन ठेवला. हे समोरच उभे होते, हातात तारेचं वेटोळं, चेहऱ्यावर काहीच नाही असं दाखवायचा प्रयत्न. "मिळालं," मी म्हटलं. यांनी मान हलवली आणि स्टुडिओत गेले. मला वाटलं, झालं, आता यंत्र सुरू होणार, दिवा तपासणार, ओठ आणि पोट.

मी आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले, सफरचंद चिरून ठेवलं, हेडफोन कानाला लावला. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. मग माझ्या बाजूचं दार उघडलं आणि हे आत आले. यांच्या हातात स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. ते माझ्यासमोर ठेवून हे त्यावर बसले. आजवर वाचनाच्या वेळी हे काचेच्या या बाजूला कधी आले नव्हते.

"रेकॉर्डिंग?" मी विचारलं.

"ते नंतर. दोन्ही एकदम होत नाही." यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून बाजूला ठेवला. "आधी तू नुसतं वाच."

"चौथ्यापासून?"

हे जरा ओशाळले. इतक्या वर्षांत मी यांना ओशाळलेलं पाहिलं नव्हतं.

"पहिल्यापासून," हे म्हणाले. "पहिली दोन मी ऐकलेली नाहीत."